शब्दांविना सात दिवस: मॅक्स अर्न्स्टच्या एका पुस्तकाचा प्रकरण अभ्यास

शब्द नसलेलं, स्वप्नासारखं विचित्र ग्राफिक नॉव्हेल वाचकाला का धरून ठेवतं, असं विचारलं की बहुधा एकच उत्तर मिळतं: ज्याने त्याने आपापला अर्थ लावायचा, गंमत त्यातच आहे. मला हे उत्तर अपुरं वाटतं. अर्थ लावायची मोकळीक तर पावसाळ्यात भिंतीला आलेल्या ओलीच्या डागांतही असते, पण डागांचं पुस्तक कुणी शेवटच्या पानापर्यंत उलटणार नाही. या पुस्तकांत मोकळीक सोडून आणखी काहीतरी आहे. ते काय, हे एकाच पुस्तकाच्या आधारे तपासायचं इथे ठरवलं आहे.

पुस्तक फ्रान्समधलं, १९३४ सालचं. नाव 'यून सेमेन द बाँते', म्हणजे भलेपणाचा आठवडा. कर्ता जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्ट. हेच प्रकरण निवडण्याचं कारण साधं आहे. अर्न्स्टने जुनी चित्रं कापून-चिकटवून एकूण तीन चित्रकादंबऱ्या केल्या. १९२९ आणि १९३० मधल्या पहिल्या दोन पुस्तकांत त्याने प्रत्येक चित्राखाली स्वतःची ओळ लिहिली होती. तिसऱ्यात त्या ओळी त्याने काढून टाकल्या. माणूस तोच, कात्री तीच, कच्चा मालही त्याच जातीचा. बदललं ते एवढंच. शब्द गेल्यावर नेमकं काय होतं हे पाहायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

माणूस आणि माल

अर्न्स्टचा जन्म १८९१ चा, कोलोनजवळच्या ब्रूल या लहान गावातला. वडील बहिऱ्या मुलांचे शिक्षक आणि हौशी चित्रकार. घरात ओठांच्या आणि हातांच्या हालचालींतून बोलणं समजून घेणाऱ्या मुलांचा विषय रोजचा असणार. त्याचा या पुस्तकाशी थेट संबंध मी जोडणार नाही, पण ही गोष्ट एकदा कळल्यावर मनातून जात नाही. बॉन विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र वाचलं. पहिल्या महायुद्धात तो जर्मन तोफखान्यात होता. युद्धानंतर कोलोनमध्ये कलेचे रूढ नियम मोडू पाहणारी दादा चळवळ, १९२२ मध्ये पॅरिस, आणि पुढे अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन यांतून कला काढू पाहणाऱ्यांच्या, गोटात मुक्काम.

कोलाजची, म्हणजे चित्रं कापून-चिकटवून नवं चित्र करण्याची, कल्पना त्याला १९१९ मध्ये सुचली, तीही शाळांसाठी शैक्षणिक साहित्य दाखवणारा एक कॅटलॉग चाळताना. एकाच पानावर कवट्या, सूक्ष्मदर्शकातली दृश्यं, खनिजं, शास्त्रातली उपकरणं. एकमेकांशी काहीही देणंघेणं नसलेल्या वस्तू शेजारी-शेजारी छापलेल्या, आणि त्या शेजारामुळेच डोळ्यांपुढे नवी दृश्यं उभी राहू लागली, असं त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे.

या पुस्तकासाठी त्याने जो माल घेतला तो मात्र कॅटलॉगमधला नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त, सनसनाटी फ्रेंच कादंबऱ्यांतली लाकडावर कोरून छापलेली चित्रं त्याने वापरली. ज्यूल मारी या लेखकाची १८८३ ची एक कादंबरी हा त्यातला ओळखू आलेला मोठा साठा. खून, बेशुद्ध पडलेल्या बायका, दाराआडून ऐकणारा नोकर, जुगाराचा अड्डा, आगगाडीचा डबा, कोर्ट. शतकाच्या अखेरीस छायाचित्रं थेट छापण्याचं तंत्र आलं आणि ठसे कोरणाऱ्यांचा हा अख्खा धंदा बसला. १९३३ मध्ये ही चित्रं म्हणजे आईवडिलांच्या पिढीची अडगळ होती. दिवाणखान्यातले जाड पडदे, कोरीव खुर्च्या, घट्ट कॉलर घातलेले पुरुष: अर्न्स्टच्या वयाच्या वाचकाने हे सगळं लहानपणी पाहिलेलं होतं. ओळखीचं, पण मोडीत निघालेलं.

या ठशांचा एक तांत्रिक गुण पुढच्या सगळ्या गोष्टीचा पाया आहे. त्यातली सावली, कापड, कातडी, धूर, सगळं बारीक समांतर रेघांनीच उभं केलेलं असतं. त्यामुळे एका पुस्तकातलं सिंहाचं डोकं दुसऱ्या पुस्तकातल्या कोटावर बसवलं तरी दोन्हींचा पोत एकच राहतो. रंगीत छायाचित्रं चिकटवली तर जोड ओरडून सांगतो. इथे तो गिळला जातो. शिवाय वाचकाच्या हातात मूळ कोलाज जातच नव्हतं. फोटोवरून बनवलेल्या छपाईच्या ठशातून जे पान निघायचं त्यात कागदाची कड, डिंकाची सुरकुती, कागदाच्या छटेतला फरक काहीच उरत नसे. पंख असलेला माणूस पलंगाशी उभा आहे, आणि पान तो तसाच होता असं शपथेवर सांगतं.

तीन आठवडे

१९३३ च्या उन्हाळ्यात अर्न्स्ट उत्तर इटलीतल्या विगोलेनोच्या किल्ल्यात पाहुणा म्हणून राहिला होता. तिथे तीन आठवड्यांत त्याने १८० हून अधिक कोलाज केले. दिवसाला आठ-नऊ पडतात. हा वेग मला महत्त्वाचा वाटतो, कारण इतक्या घाईत प्रतीकांची जुळवाजुळव करत बसता येत नाही. हाताला जे चित्र लागेल त्यातली मोकळी जागा हेरायची, तिथे काय बसेल ते दुसऱ्या ढिगात शोधायचं आणि पुढे सरकायचं. पुस्तकभर जी एक झपाटलेली सलगता आहे ती तिथून आली असावी.

सालाकडेही दुर्लक्ष करता येत नाही. त्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला होता आणि अर्न्स्टसारख्यांचं चित्र जर्मनीत नकोसं झालं होतं. पुस्तकाचा पहिला भाग, रविवार, 'बेल्फोरचा सिंह' या नावाने सुरू होतो. बेल्फोर हे १८७०-७१ च्या युद्धात जर्मन वेढ्याला तोंड दिलेलं फ्रेंच शहर. त्याच्या स्मरणार्थ शिल्पकार बार्तोल्दीने कोरलेला प्रचंड सिंह तिथे आहे, आणि त्याची लहान प्रतिकृती पॅरिसच्या एका चौकात. राष्ट्राभिमानाचा हा पुतळा अर्न्स्टने उचलला आणि त्याचं डोकं गणवेशातल्या, पदकं लावलेल्या पुरुषांच्या धडावर ठेवलं. हे सिंह बायकांच्या मागे लागतात, धमकावतात, हात उगारतात. एक अक्षरही न लिहिता त्याने सत्तेचा चेहरा दाखवला आहे. त्याखाली ओळ असती तर ती घोषणा झाली असती.

नावातही तो काळ आहे. १९२७ पासून पॅरिसमध्ये जवळपास याच नावाची एक परोपकारी संस्था काम करत होती आणि तिची भित्तिपत्रकं शहरभर लागलेली असत. त्या पत्रकांवरचा भलेपणा आणि पुस्तकातली क्रूर पानं यांतलं अंतर त्या वेळच्या वाचकाला समजावून सांगावं लागलं नसेल.

ओळी गेल्यावर

आता मूळ प्रश्न. पहिल्या दोन पुस्तकांत चित्राखाली ज्या ओळी होत्या त्या काही खुलासा करणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतःच कोड्यात बोलत. तरी त्या तीन कामं करत होत्या. पात्राला नाव देत: दुसऱ्या पुस्तकातली मुलगी मार्सलीन-मारी, किंवा अर्न्स्टचा तो पक्षिराज लोपलोप. एका पानाला दुसऱ्या पानाशी बांधत. आणि, हे सगळ्यात महत्त्वाचं, नजर कधी थांबवायची ते सांगत. ओळ वाचली, चित्राकडे परत एकदा पाहिलं, पान उलटलं.

तिसऱ्या पुस्तकात या तिन्ही कामांसाठी त्याला दुसरी माणसं नेमावी लागली.

नावाचं काम डोक्याने केलं. रविवारी सिंह, बुधवारी पक्षी, गुरुवारी आधी कोंबडा आणि मग ईस्टर बेटावरचे दगडी चेहरे. दोन-तीन पानांत वाचक शिकतो की हे डोकं दिसलं की त्याच्या अवतीभवती काय घडणार. पण डोकं नावापेक्षा लबाड असतं. धडं वेगवेगळ्या कादंबऱ्यांतून आलेली; कुणी जाड, कुणी सडपातळ, कुणी गणवेशात, कुणी साध्या कोटात. हा एकच सिंहमुखी माणूस पानोपानी फिरतोय की हे अख्खं राज्यच सिंहमुखी आहे? शब्दांत लिहिताना हा प्रश्न टाळता येत नाही. 'तो' लिहायचं की 'ते' हे ठरवावंच लागतं. चित्राला ठरवावं लागत नाही. मला विचाराल तर या पुस्तकातली सगळ्यात मोठी भीती याच जागेत आहे.

पानं बांधायचं काम आठवड्याच्या सांगाड्याने केलं. प्रत्येक दिवसाला एक 'मूलतत्त्व' आणि एक 'उदाहरण': रविवारी चिखल, सोमवारी पाणी, मंगळवारी आग आणि ड्रॅगनचा दरबार, बुधवारी रक्त आणि ईडिपस (ग्रीक कथेतला, नकळत बापाला मारणारा राजा), गुरुवारी काळोख, शुक्रवारी दृष्टी, शनिवारी अज्ञात. शाळेच्या तक्त्यासारखी ही मांडणी आहे. म्हणजे पुस्तक पूर्णपणे निःशब्द नाही: भागांच्या आरंभी हे तक्ते आहेत, दुसऱ्या लेखकांची एखाददुसरी ओळही आहे. पण ते शब्द दारावर थांबतात, आत येत नाहीत. आणि त्या तक्त्याने वाचकाला एक आश्वासन दिलेलं असतं की इथे व्यवस्था आहे, मंगळवारनंतर बुधवार येणार आहे. हे आश्वासन नसतं तर पन्नासाव्या पानावर हात थांबला असता.

तिसरं काम, नजर थांबवण्याचं, त्याने कुणालाच दिलं नाही. या प्रकारच्या पुस्तकाची ओढ मला इथे सापडते. चित्राखाली ओळ नाही म्हणजे 'झालं, आता पुढे चला' असं सांगणारं कुणी नाही. नजर आधी प्रसंग ओळखते, कारण त्या कादंबऱ्यांतले हावभाव नाटकी आणि बिनचूक असायचे: वर उचललेला हात म्हणजे धाक, कपाळावरची मनगटाची मागची बाजू म्हणजे मूर्च्छा. मग ती घुसखोर शोधते: पंख, शेपटी, पाणी. बहुतेक पुस्तकांत एवढ्यावर भागतं. इथे भागत नाही, कारण मंगळवारच्या दिवाणखान्यांत भिंतीवरच्या तसबिरी आणि आरशांतही काहीतरी भलतंच चाललेलं असतं. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक पानाचे कोपरे तपासावे लागतात. वाचक स्वतःहून साक्षीदाराचं काम पत्करतो.

सोमवार घ्या. पलंगावर बाई गाढ झोपली आहे आणि खोलीत समुद्राच्या लाटा उसळल्या आहेत. पलंग जागचा आहे, चादरीच्या चुण्या जागच्या आहेत, झोप मोडलेली नाही. 'तिला पुराचं स्वप्न पडलं' असं एक वाक्य खाली असतं तर पाणी लगेच ओसरलं असतं. वाक्य नाही, म्हणून पाणी खरं राहतं आणि झोपही खरी राहते. दोन्ही एकदम खरं मानायला भाग पडणं हा अनुभव शब्दांतून मिळवायला कवीलाही फार कष्ट पडतात.

बुधवार या पुस्तकाचं शिखर आहे. पक्ष्याचं डोकं असलेला, उत्तम शिवलेले कपडे घातलेला माणूस एका विवस्त्र बाईच्या पावलात खंजीर खुपसतो. आगगाडीच्या डब्याच्या खिडकीतून स्फिंक्स, म्हणजे ईडिपसच्या कथेतला कोडं घालणारा सिंहधडाचा प्राणी, दिसतो. ईडिपसची कथा माहीत असणाऱ्याला भोसकलेलं पाऊल आणि स्फिंक्स हे दोन दुवे लगेच सापडतात आणि तो हरखतो. पण ते दुवे कुठेच पोचवत नाहीत. कथेत पाय ईडिपसचे टोचलेले होते, इथे बाईचा टोचला जातो. स्फिंक्स कोडं घालत नाही, डब्याबाहेरून नुसता पाहतो. ओळखीची कथा तिच्या सगळ्या सामानासकट समोर ठेवून तिची फळी मधोमध काढून घेतली आहे. मी जिला ओढ म्हणतो ती हीच. अर्थाचा पूर्ण अभाव माणसाला कंटाळा आणतो. अर्थ हाताच्या बोटभर पलीकडे आहे अशी खात्री वाटत राहणं मात्र त्याला पान सोडू देत नाही.

एका गोष्टीबद्दल इथे स्पष्ट बोललं पाहिजे. या पुस्तकात बायकांवर सतत हिंसा होते: बांधलेल्या, ओढलेल्या, बुडणाऱ्या, कोसळणाऱ्या बायका. ती हिंसा अर्न्स्टने शोधून काढली नाही. त्या लोकप्रिय कादंबऱ्यांत ती आधीपासून होती, वाचकांच्या करमणुकीसाठी होती. प्राण्याचं डोकं बसवल्यावर ती करमणूक उघडी पडते, असं पुस्तकाच्या बाजूने म्हणता येतं, आणि सिंहाच्या पानांपुरतं मला ते पटतंही. सगळीकडे नाही. काही पानांवर चित्रकारालाही त्या दृश्याची मजा वाटत असावी असं जाणवत राहतं. निवेदकाचा आवाज असता तर तो कुणाच्या बाजूला आहे हे कळलं असतं. निःशब्द पुस्तकात ती जबाबदारी पूर्णपणे बघणाऱ्यावर पडते, आणि प्रत्येक बघणारा ती घेईलच असं नाही. या माध्यमाची ताकद जिथून येते तिथूनच हा धोकाही येतो. एक घेऊन दुसरा टाळायचा उपाय मला दिसत नाही.

दोरी सैल होते तेव्हा

शुक्रवार आला की पुस्तक बदलतं. 'दृष्टीचा अंतर्भाग', तीन 'दृश्य कविता'. दिवाणखाना जातो, पात्रं जातात. हाडं, झाडांचे भाग, हस्तांदोलन करणाऱ्या हातांच्या लांबच लांब गेलेल्या रांगा. एकेक पान सुंदर आहे, भिंतीवर लावण्याजोगं. पण पुढचं पान उलटायची घाई संपते. माझ्या म्हणण्याला पुस्तकातूनच मिळणारा हा पुरावा आहे. विचित्रपणा शुक्रवारी वाढलेला आहे आणि ओढ कमी झालेली आहे. मोडायला ओळखीची चौकट उरली नाही, तर मोडणंही दिसत नाही. शनिवारी पलंग परत येतो, त्यावरून हवेत तरंगणाऱ्या, घसरणाऱ्या बायका येतात, आणि नजर पुन्हा पकड घेते.

बाजारात आणि नंतर

प्रकाशन पॅरिसच्या जान बुशेरने केलं. बेत सात दिवसांच्या सात पुस्तिकांचा होता. १९३४ मध्ये जांभळी, हिरवी, लाल आणि निळी अशा चार निघाल्या. अपेक्षेएवढा प्रतिसाद आला नाही, तेव्हा उरलेले तिन्ही दिवस एकाच पिवळ्या पुस्तिकेत घालून विषय संपवला. यावरून पुस्तक फसलं असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. मोजक्या प्रतींची, संग्राहकांसाठीची ती आवृत्ती होती, आणि काळ मंदीचा. आठवड्याचं आश्वासन मात्र व्यवहाराने अर्धवट मोडलं: पाच रंगांत सात दिवस. एका दिवसाची एक पुस्तिका हातात घेण्याचा मूळ अनुभव पुढच्या तीन दिवसांना कधीच मिळाला नाही.

मूळ कोलाज १९३६ मध्ये माद्रिदला, यादवी युद्धाच्या तोंडावर, काही पानं वगळून दाखवले गेले. त्यानंतर ते थेट २००८ मध्ये व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात लोकांसमोर आले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. मधली सत्तरहून अधिक वर्षं वाचकांनी फक्त छापील पानं पाहिली. सर्वसामान्यांपर्यंत पुस्तक पोचलं ते १९७६ च्या स्वस्त अमेरिकन पुनर्मुद्रणामुळे. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये अर्न्स्ट वारला.

निःशब्द चित्रकादंबरी हा त्याचा शोध नव्हे, हे सांगायला हवं. बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासेरील पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून लाकडी ठशांतून अशी पुस्तकं करत होता, आणि ती जर्मनीत भरपूर वाचली जात. अमेरिकेत लिंड वॉर्डचं पहिलं निःशब्द पुस्तक १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच सुमाराला आलं. पण त्या दोघांची पुस्तकं पाहून झाल्यावर गोष्ट सांगता येते: एक माणूस शहरात आला, झगडला, हरला. अर्न्स्टची सांगता येत नाही. आजच्या वाचकांचं लाडकं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियन चित्रकार शॉन टॅनचं २००६ चं 'द अरायव्हल'. तिथे विचित्र प्राणी, न वाचता येणारी लिपी, अनोळखी फळं हे सगळं एका स्पष्ट भावनेच्या सेवेला आहे: परक्या देशात उतरलेल्या माणसाला कसं वाटतं. ते पुस्तक वाचकाला शेवटी घरी आणून सोडतं, आणि त्यासाठी मला ते फार प्रिय आहे. तरीही दोघांची युक्ती एकच आहे, असं मी म्हणेन. टॅनने जुन्या फोटो-अल्बमचा पिवळटपणा घेतला, न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या छायाचित्रांची ठेवण घेतली. अर्न्स्टने सनसनाटी कादंबरीचे ठसे घेतले. आधी वाचकाचा विश्वास बसेल असा कागद, मग त्यावर अविश्वसनीय गोष्ट.

ज्यांना हे पुस्तक पाहायचं असेल त्यांनी रविवारपासून सुरुवात करावी, बुधवार एका बैठकीत पाहावा आणि शुक्रवार वेगळ्या दिवसासाठी ठेवावा. पहिल्या वेळी प्रस्तावना किंवा खुलासे वाचू नयेत. मूळ चित्रं कुठून आली याची माहिती दुसऱ्या वेळी जास्त आनंद देते. आणि शक्यतो कागदावरच पाहावं. मोबाइलच्या पडद्यावर त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून राखाडी डाग होतात, तसबिरींतली आणि आरशांतली घुसखोरी दिसेनाशी होते, आणि पुस्तकाचा निम्मा मजकूर तिथेच आहे.